फुली म्हणजे झालं

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचलो एकदाच्या. दोन ट्रंका, एक वळकटी, भांड्यांचं पोतं आणि माझ्या मांडीवर देवांचा डबा. वन्सं म्हणाल्या, देव मांडीवर आणि नणंद सामानात, हाच तुझा न्याय! टेम्पोवाला इतका हसला की जिना चढताना पोतं त्यानेच उचललं, वर पैसेही मागितले नाहीत.

जागा छान आहे. दोन खोल्या, पुढच्या खोलीला दोन खिडक्या, ओट्याशी नळ आणि नळाला दिवसभर पाणी. आमचा तिसरा मजला, म्हणजे शेवटचा. वर गच्चीसुद्धा नाही, नुसतं उतरतं पत्र्याचं छप्पर. वन्संना ते फार आवडलं. वर फक्त देव, डोक्यावर पाय आपटणारं कुणी नाही, असं म्हणाल्या. खोड एकच. न्हाणीघराचं दार फुगलंय. लावून घेतलं की आतून उघडत नाही, बाहेरून कुणीतरी खांदा द्यावा लागतो. तेव्हा ठरवलं की आत असेल तिने भिंतीवर लोटीने तीनदा ठोकायचं आणि दुसरीने जाऊन ढकलायचं. वन्सं म्हणाल्या, झालं, आता न्हाणीघरातून बाहेर यायलाही भावजयीची परवानगी.

ही वही कामांची आहे. डाव्या पानावर मी दिवसाची कामं लिहिते आणि एकेक उरकलं की पुढे फुली मारते. फुली म्हणजे झालं. माझ्या आईची सवय, तीच मला. उजवी पानं कोरी राहतात, ती वाया कशाला घालवायची, म्हणून आजपासून रोजनिशी.

हे जाऊन आठ महिने झाले. कंपनी म्हणते, त्यांच्या जागी भांडारात मला घेतील, मॅट्रिक चालेल, फक्त एक चाचणी द्यायची. तयारीला अठरा दिवस, तोवर ही जागा. पास झाले तर नोकरी आणि जागा दोन्ही कायम. नापास झाले तर महिनाअखेर खाली करायची. जुन्या घराची किल्ली देऊन आलोय. मला वन्संशिवाय कुणी नाही, त्यांना माझ्याशिवाय नाही. त्यातून त्यांचा डावा पाय काठीशिवाय उचलत नाही.

देव कोनाड्यात मांडले. दिवा लावला. सगळं चांगलं होईल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज सराववर्गाचा पहिला दिवस. भांडाराच्या मागच्या खोलीत नवीन रंगाचा वास, एकेकट्या बसायची बाकं, आणि दाराशी एक पत्र्याची पेटी, तिला टपालपेटीसारखी फट. आम्ही नऊ जणी आहोत, सगळ्यांचे नवरे कंपनीतच होते. वर्गाच्या बाई अगदी नीटनेटक्या, चष्मा दोरीने गळ्यात, आवाज कधी चढत नाही.

मी रात्रंदिवस बेरीज-वजाबाकीची धास्ती घेतली होती, पण त्यातलं काहीच नाही. ही तारतम्याची चाचणी. कामावर घडेल असा एखादा प्रसंग दिलेला असतो, खाली चार पर्याय. त्यातला सर्वात योग्य पर्याय बरोबरच्या खुणेने दाखवायचा आणि सर्वात अयोग्य फुलीने. आधी योग्य, मग अयोग्य, हा क्रम मोडायचा नाही, आणि एका पर्यायाला एकच खूण. सरावाला रोज पाच प्रसंग घरी न्यायचे, सकाळी पेटीत टाकायचे, दुपारी तपासून परत.

बाईंनी एकेकीला विचारलं की तुमच्या घरी या खुणांचा अर्थ काय. कुणी गोल करतं, कुणी रेघ ओढतं, मागाहून घोळ नको, आत्ताच लिहून ठेवू, असं म्हणाल्या. मी खरं ते सांगितलं, आमच्याकडे फुली म्हणजे झालं. बाकीच्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते शाईने नोंदवहीत लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

घरी आल्यावर वन्संना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तारतम्याची परीक्षा आणि तू? तारतम्य असतं तर माझ्या भावाशी लग्न केलं असतंस? मग स्वतःच डोळे पुसत बसल्या. मला रडू आलं नाही. हे गेले तेव्हाही आलं नव्हतं. वन्सं दोघींच्या वाटचं रडल्या होत्या.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहिला कागद सोडवला. चार प्रसंग सोपे होते. माल चुकीच्या फळीवर लागला, साहेब उगाच ओरडले, असले. पाचवा वाचून हसू आलं, वन्संनाच वाचून दाखवला. एक वयस्क सहकारी सतत टोमणे मारते, तुमचं लक्ष विचलित होतं. अ, तिच्याशी एकांतात बोलाल. ब, वरिष्ठांना सांगाल. क, मनावर न घेता काम कराल. ड, तिचा आवाज बंद कराल. वन्सं म्हणाल्या, ड ला बरोबर कर बाई, संधी पुन्हा येणार नाही. मी क ला बरोबर केलं आणि ड वर फुली मारली. हे कुणी शेंबडं पोरही सांगेल.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पाचपैकी पाच. बाई म्हणाल्या, तुमच्यात भावनेचा व्यत्यय नाही, हे फार थोड्यांना जमतं. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, नोंद घेतली.

वन्संचा घसा बसलाय. काल सकाळपासून चकार शब्द नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले लाल नाही, सूज नाही, गरम पाणी घ्या. वन्संनी पाटीवर लिहून दिलं, तुझी चंगळ आहे आता. घर किती शांत झालं. अभ्यास चांगला होतो आहे. हे लिहायला नको होतं, पण खोडलं तर पान खराब होईल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

काठी सापडत नाही. पलंगाखाली, दाराआड, जिन्यात, सगळीकडे पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी आपल्या घरातही शोधलं, वर म्हणाल्या की काठीला काय पाय फुटतात?

मग संध्याकाळची कामं खोडायला डावं पान काढलं. तिथे लिहिलंय : पाणी भरणे. दिवा. धुणं. काठी. चारही कामांपुढे फुली.

अक्षर माझं आहे. का ला मी काना जरा तिरका देते, तोही तसाच.

कालचा कागद काढून पाहिला. तिसरा प्रसंग : सहकाऱ्याची एक वस्तू जाण्यायेण्याच्या वाटेत असते. माझी फुली ड वर आहे. वस्तू तिच्या नकळत कायमची दूर कराल.

योगायोग असेल. रामनाम घेत झोपले. माळ पुरी झाली तेव्हा लक्षात आलं, तोंडात नाव नव्हतंच, नुसते मणी ओढत होते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहिते.

काल दुपारी वन्सं भिंत धरत न्हाणीघरात गेल्या. मी पुढच्या खोलीत कागद सोडवायला बसले. तीनदा ठोकल्याचं ऐकू आलं. मनात आलं, वरच्या मजल्यावर काही चाललं असेल. पुन्हा तीनदा. पाच प्रसंग सोडवले, अक्षर गिरवून घेतलं, ओट्यावरची भांडी विसळली. दोन तासांनी दिवा लावायला उठले तेव्हा आठवलं की वरती मजलाच नाही.

दार ढकललं. वन्सं ओल्या फरशीवर बसल्या होत्या. लोटीचा काठ चेपला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तसं माझ्याकडे कुणी कधी पाहिलेलं नाही. मी अंग पुसलं, कोरडं नेसवलं, पलंगावर आणलं. वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली. वाटलं नाही.

परवाचा कागद, पाचवा प्रसंग : तुमची कामं खोळंबली आहेत आणि सहकारी मदत मागते आहे. ड, ऐकून न ऐकल्यासारखं कराल. ड वर फुली.

फुली म्हणजे झालं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बाईंना भेटले. म्हटलं, माझी नोंद चुकली, फुलीचा अर्थ दुरुस्त करा, मलाही फुली म्हणजे चूक असंच म्हणायचंय. बाईंनी नोंदवही उघडून माझी सही दाखवली. तुमच्याच तोंडचं आहे, असं शांतपणे म्हणाल्या. शाईचं लिहिलेलं इथे खोडत नाहीत. मी विचारलं, फुली मारलीच नाही तर? तर कागद अपूर्ण, आणि तीन कागद अपूर्ण म्हणजे नाव कमी.

मग म्हणाल्या, एवढं काय मनाला लावून घेता, सराव तर आहे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

युक्ती सुचली. जिने सुचवली त्या देवीला हात जोडले. फुली मारली ते होणारच असेल तर चांगल्यावरच मारावी! आजच्या कागदात होतं, सहकारी आजारी आहे. अ, तिच्या बरं होण्याची व्यवस्था कराल. अ वर फुली मारली. बरोबरची खूण भलत्याच ठिकाणी.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

वन्सं बोलल्या! सकाळी चहा देताना म्हणाल्या, साखर काय देवाला ठेवलीस? आवाज फाटका, पण त्यांचाच. मग तास-दीड तास बोलत होत्या, साठलेलं सगळं. म्हणाल्या, हिशेबनीसबाई, त्या दिवशी माझं ठोकणं ऐकलं होतंस ना? खरं सांग. मी खरं सांगितलं. त्यांनी कपबशी बाजूला सारली. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, ही नोकरी नको, आपण दोघी कुठेही राहू, देवळाच्या ओसरीवर राहू, पण तू अशी होऊ नकोस.

दुपारी कागद परत मिळाला. पाचपैकी चार, प्रसंग एक चूक. बाई म्हणाल्या, मुख्य चाचणीत चाळीस प्रसंग आहेत आणि जागा एक. नऊ जणींत एक. एकही चुकवून चालणार नाही.

म्हणजे वन्संना वाचवायचं तर चुकायचं. आणि चुकलं तर दोघी रस्त्यावर, एक पायाने अधू आणि एक मॅट्रिक.

देवाला विचारलं. डोळे मिटले तर देवाच्या जागी अ, ब, क, ड.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उद्या चाचणी. वन्संना शब्द दिला, देवाच्या डब्यावर हात ठेवून दिला. त्यांच्याबद्दलचा प्रसंग येईल तिथे चांगल्यावर फुली मारीन, मार्क गेले तर गेले. त्या म्हणाल्या, शहाणी गं माझी. सतरा वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

दिली.

एकोणचाळीस सोपे. चाळिसावा : तुमच्या जागेत दोन माणसं राहतात. जागा एकीची आहे. अ, दोघी सांभाळून घ्याल. ब, वरिष्ठांकडे मोठी जागा मागाल. क, दुसरीची सोय होईपर्यंत थांबाल. ड, दुसरी नाहीच असं धरून चालाल.

मला माहीत होतं फुली कुठे मारायची. पेन अ वर ठेवलंही होतं. पण आधी योग्य, मग अयोग्य, हा क्रम. आधी योग्य. अ ला बरोबरची खूण केली. अगदी सुबक झाली. मग अ भरून गेला. फुलीला उरले ब, क आणि ड. घड्याळ वाजलं. हाताला पंधरा दिवसांची सवय —

मी ठरवून केलं नाही. ठरवून केलं नाही असंही म्हणवत नाही. मनात काहीच नव्हतं. छान, सपाट वाटत होतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

चाळीसपैकी चाळीस. नऊ जणींत पहिली. बाईंनी गोड हसून अभिनंदन केलं. जागेचा कागद मिळाला. राहणारी माणसं : एक.

घरी सांगायला कुणी नव्हतं. देवाला सांगितलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

भांडारात रुजू. काम जमतं.

सवयीने दोन ताटं वाढली. दुसरं कुणासाठी, कळेना. अन्न टाकायचं पाप नको म्हणून झाकून ठेवलं. परत आले तर ताट रिकामं, घासलेलं. उंदीर ताट घासत नाहीत.

खालच्या वहिनींनी विचारलं, वन्सं कशा आहेत. मी विचारलं, कोण?

बुधवार, २६ फेब्रुवारी

भिंतीवर ओल्या हाताचे ठसे, कंबरेच्या उंचीवर. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत. पुसले. पुन्हा उमटले.

ओट्यावर पाटी. कुणाचं अक्षर — मी इथेच आहे गं. तुझ्या समोर बसले आहे.

समोर खुर्ची आहे. रिकामी. तिच्यावरच्या उशीला खळगा.

मागची पानं वाचली. वन्सं, वन्सं, प्रत्येक पानावर. देव मांडीवर, नणंद सामानात. कुणी लिहिलं — अक्षर माझं. तिरका काना. चेहरा आठवत नाही. आवाज — साखर काय देवाला —

रडू यायला हवं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळपासून ठोकतंय. तीनदा. मग तीनदा.

वर मजला नाही. माहीत आहे. मागच्या पानांत आहे. न्हाणीघर. दार फुगलंय. बाहेरून खांदा. सगळं माहीत आहे आणि पाय उठत नाहीत. पाय माझेच आहेत —

हात तेवढा चालतो. मग हातानेच करते. देवा, एवढ्याला साथ दे.

प्रसंग : आत कुणीतरी आहे.
अ, उठून दार ढकलाल.
ब, खालच्या वहिनींना बोलवाल.
क, देवाचं नाव घ्याल.
ड, लिहीत राहाल.

अ वर फुली. फुली म्हणजे झालं. एवढंच करायचं. दोन रेघा. तीनदा ठोकलं — हळू झालंय — अ वर —

नाही, आधी योग्य. क्रम मोडायचा नाही. आधी बरोबरची खूण. कुठे — अ योग्य आहे ना — अ ला केली तर फुलीला अ उरत नाही — ड ला करू — ड ला केली. सुबक झाली. आता अ. दोनदा ठोकलं. वन्सं, आले हं, एक रेघ मारली, दुसरी — एकदा — ठोकणं थांबलं —